एकाच बाजूस उघडणारें दार

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांतून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं त्यावरील स्थानकें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. शेगांवास श्रीगजाननमहाराजांच्या दर्शनासाठीं येणारे यात्रेकरू याच मार्गानें येतात; खामगांवचा कापूस एके काळीं जलंबवरून याच मार्गास लागत असे. या रुळांच्या वर खांबाखांबांवरून ताणलेली तांब्याची तार प्रत्येकानें पाहिलेली असते. तींत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो. ही वीज घरांतील विजेप्रमाणेंच उलटसुलट वाहणारी, म्हणजे ज्यास ए. सी. म्हणतात त्या जातीची असते. एका सेकंदांत ती पन्नास वेळां एका दिशेस जाते आणि पन्नास वेळां माघारीं फिरते. आतां चमत्कार असा कीं, या मार्गावर वर्षानुवर्षें ज्या इंजिनांनीं माल आणि माणसें ओढलीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या मोटारी एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे डी. सी.वर चालणाऱ्या आहेत. तारेंत एक प्रकार आणि मोटारींत दुसरा! हा मेळ इंजिनाच्या पोटांत घातला जातो, आणि तो घालणाऱ्या वस्तूस डायोड असें नांव आहे. गाडींतील प्रवाशाच्या खिशांत मोबाइलचा जो चार्जर असतो, त्यांतही तीच वस्तु तेंच काम करीत असते.

मग तारेंतूनच डी. सी. कां सोडीत नाहींत, असा प्रश्न सहजच येतो. तो प्रयोग महाराष्ट्रांतच झालेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी गेली, ती १५०० व्होल्टच्या डी. सी.वर. पुढें तीच पद्धति घाट चढून इगतपुरी व पुणें येथपर्यंत पोंचली. परंतु दाब कमी असला कीं तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह जास्त लागतो. २५,००० व्होल्टवर जें काम एक अँपिअर करील, त्यास १५०० व्होल्टवर सुमारें सतरा अँपिअर लागतात. जास्त प्रवाहास जाड तार हवी, आणि वाटेंत होणारी तूट भरून काढण्यास थोड्याथोड्या मैलांवर उपकेंद्र हवें. लांबच्या मार्गास हें परवडणारें नव्हे. म्हणून १९५७ मध्यें भारतीय रेल्वेनें २५,००० व्होल्टची ए. सी. पद्धति पत्करली. या दोन पद्धतींची शीव अनेक वर्षें इगतपुरीस होती. मनमाडकडून आलेल्या गाडीचें इंजिन तेथें सोडावें लागे आणि घाट उतरण्यास दुसरें जोडावें लागे. पुढें डी. सी. मागें हटत गेली, आणि २०१६ मध्यें मुंबईच्या उपनगरी मार्गांवरूनही तिनें रजा घेतली.

ए. सी.ची डी. सी. करण्याचें काम पूर्वीं पाऱ्याकडे होतें. हवा काढून घेतलेल्या पात्रांत पाऱ्याची वाफ कोंडली, तर तींतून वीज एकाच दिशेनें जाऊं शकते, या गुणाचा उपयोग करून घेत. १९५९ सालीं भारतांत आलेल्या पहिल्या पंचवीस हजारी इंजिनांत अशींच पात्रें होतीं. धांवत्या, हादरत्या गाडींत पारा सांभाळणें किती जिकिरीचें असेल, तें निराळें सांगावयास नको. सिलिकॉनचे डायोड आले आणि पारा हद्दपार झाला. इंजिनांत प्रथम ट्रान्स्फॉर्मर तारेंतील प्रचंड दाब खालीं आणतो. नंतर ही वीज कपाटांत ओळीनें मांडलेल्या डायोडांतून जाते. त्यांतून निघालेल्या प्रवाहाचे हेलकावे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या जाड तारेच्या वेटोळ्यांत कमी होतात, आणि मग तो मोटारींस मिळतो. डायोड तापूं नयेत म्हणून पंख्याची हवा त्यांवर सारखी सोडलेली असते. डब्ल्यू. ए. जी.-७ या नांवाचें मालगाडीचें इंजिन सुमारें पांच हजार अश्वशक्तीचें असतें. तेवढी सारी शक्ति बोटाच्या पेरांएवढ्या कांहीं वस्तूंतून गाळून जाते. १९९५ नंतर आलेल्या नव्या जातीच्या इंजिनांत मोटारीही ए. सी.च्याच असतात. त्यांत डायोडांच्या जोडीस, हुकमासरशीं उघडझाप करणारे सिलिकॉनचे स्विच बसवितात. पण वाटेंत एकदां डी. सी. करावीच लागते.

डायोड या शब्दास मराठी परिभाषेंत द्विप्रस्थ असा प्रतिशब्द आहे. शब्द भारदस्त आहे, यांत शंका नाहीं. पण खामगांवच्या किंवा चिखलीच्या दुकानांत जाऊन कोणी चार द्विप्रस्थ मागितले, तर दुकानदार त्यास इतिहासाच्या पुस्तकांचें दुकान दाखवील. डायोड हाच शब्द कारागिराच्या तोंडीं बसला आहे, तेव्हां तोच ठेवलेला बरा.

त्याचें कार्य समजण्यास विहिरीवरचा पंप आठवावा. पंपाचा नळ विहिरींत सोडतात, तेव्हां त्याच्या तळाशीं एक झडप बसवितात. पाणी वर चढूं लागलें कीं झडप उघडते. पंप थांबून पाणी मागें येऊं लागलें कीं तीच मिटते. डायोड ही विजेची झडप होय. फरक इतकाच कीं, या झडपेंत हलणारें असें कांहींच नाहीं. सगळा खेळ एका घन स्फटिकाच्या अंतरंगांत चालतो.

तो स्फटिक सिलिकॉनचा. सिलिकॉन वाळूंत विपुल आहे, परंतु येथें तो अत्यंत शुद्ध करून घ्यावा लागतो. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेंत चार इलेक्ट्रॉन असतात, आणि त्या चारांच्या योगें तो आपल्या चार शेजाऱ्यांशीं जखडलेला असतो. कोणी मोकळा नाहीं, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज जवळजवळ वाहत नाहीं. आतां त्यांत कोट्यवधि अणूंमागें एखादा, इतक्या अल्प प्रमाणांत फॉस्फरस मिसळला, तर काय होईल? फॉस्फरसच्या अणूस असे पांच इलेक्ट्रॉन असतात. चार बांधले जातात, पांचवा मोकळा राहतो आणि स्फटिकांत हिंडूं लागतो. फॉस्फरसच्या ऐवजीं बोरॉन मिसळला, तर त्यास तीनच इलेक्ट्रॉन असल्यामुळें एक जागा रिकामी पडते. ही रिकामी जागादेखील चालते, हें ऐकून प्रथम नवल वाटतें. परंतु पंगतींत मधला एक पाट रिकामा राहिला असतां शेजारचा मनुष्य त्यावर सरकतो, त्याच्या पाटावर त्याच्या पलीकडचा सरकतो. माणसें एका बाजूस सरकतात आणि रिकामा पाट दुसऱ्या बाजूस चालत गेल्यासारखा दिसतो. स्फटिकांतही तसेंच होतें. इलेक्ट्रॉन ऋण विजेचा, तेव्हां त्याची रिकामी जागा धन विजेप्रमाणें वागते.

एकाच स्फटिकाच्या एका अंगास बोरॉन आणि दुसऱ्या अंगास फॉस्फरस असा मिसळला, कीं डायोड तयार झाला. दोन्ही अंगें जेथें मिळतात, त्या सांध्यावर फॉस्फरसकडचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन पडतात. परंतु हें स्थलांतर फार वेळ टिकत नाहीं. इलेक्ट्रॉन गमावलेले फॉस्फरसचे अणु मागें धन होऊन बसतात. इलेक्ट्रॉन मिळालेले बोरॉनचे अणु पुढें ऋण होऊन बसतात. हे अणु जागचे हलत नाहींत, आणि ऋण अणु येणाऱ्या इलेक्ट्रॉनांस परत लोटूं लागतात. अशा रीतीनें सांध्यावर, सुमारें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या रुंदीचा, एक ओसाड पट्टा निर्माण होतो. हेंच तें दार. बाहेरून बॅटरीचें धन टोंक बोरॉनच्या अंगास आणि ऋण टोंक फॉस्फरसच्या अंगास जोडलें, कीं पट्टा अरुंद होतो, आणि दाब सहा-सात दशांश व्होल्टपर्यंत पोंचतांच प्रवाह झपाट्यानें सुरू होतो. बॅटरी उलटी जोडली तर दोन्ही अंगांचे मोकळे वाहक सांध्यापासून दूर ओढले जातात, पट्टा रुंदावतो आणि दार बंद राहतें. अगदीं बंद मात्र नव्हे. अत्यल्प प्रवाह झिरपतो, आणि डायोड तापला तर हा झिरपा वाढतो. उलटा दाब एका मर्यादेपलीकडे गेला, तर दार मोडतेंच. या मर्यादेची गोष्ट पुढें यावयाची आहे. तीच गृहस्थास आणि कारागिरास सर्वांत महत्त्वाची.

रेडिओच्या श्रोत्यांचें या विषयाशीं जुनें नातें आहे. कांहीं खनिज स्फटिकांतून वीज एका दिशेनें सुलभपणें व दुसऱ्या दिशेनें कष्टानें जाते, हें जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यानें १८७४ मध्यें दाखविलें. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलिना, म्हणजे शिशाचें खनिज, वापरून अदृश्य विद्युत्‌लहरी ओळखणारें साधन सिद्ध केलें, आणि १९०४ सालीं त्यांस त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. १९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, त्या काळीं केंद्राच्या जवळपास राहणारे लोक अशाच स्फटिकाचे संच कानास लावून कार्यक्रम ऐकत. स्फटिकावर सुईचें टोंक टेकवून नेमकी जागा शोधावी लागे. पुढें तापलेल्या तारेचे, काचेच्या फुग्यांतील व्हॉल्व्ह आले आणि स्फटिक मागें पडला. त्याचें पुनरागमन झालें तें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत. तेथें रसेल ओल हा संशोधक १९४० मध्यें सिलिकॉनचा एक तुकडा तपाशीत होता. त्या तुकड्यांत एक भेग होती. तीवर उजेड पडला कीं सुमारें अर्ध्या व्होल्टचा दाब उत्पन्न होई! भेगेच्या दोन बाजूंस निरनिराळी अशुद्ध द्रव्यें जमून तेथें आपोआपच सांधा तयार झाला होता. आजचा डायोड आणि आजचें सौरफलक, दोघांचें कूळ या एका तुकड्याशीं जाऊन पोंचतें.

आतां घराकडे वळूं या. भिंतीवरील विजेस २३० व्होल्टची म्हणतात, परंतु हा एक प्रकारचा सरासरी आंकडा आहे. प्रत्येक हेलकाव्याच्या शिखरावर ती सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढते. ध्वनिवर्धकासारख्या यंत्रास बारा व्होल्ट हवे असले, तर ट्रान्स्फॉर्मरनें दाब उतरवून घेतात. पुढें एकच डायोड बसविला तर अर्धेच हेलकावे उपयोगीं पडतात, अर्धे वायां जातात. चार डायोड विशिष्ट रीतीनें चौकोनांत जोडले, तर उलटा हेलकावाही सुलटा होऊन बाहेर पडतो. या जोडणीस पूल म्हणतात, आणि लिओ ग्रेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव तिला मिळालें आहे. तरीही पुलांतून निघालेली वीज सेकंदास शंभर उसळ्या मारणारीच असते. त्या सपाट करण्यास कपॅसिटर लावावा लागतो. नळाचें पाणी ठराविक वेळींच येत असलें तरी घरांतील टाकीमुळें तें दिवसभर पुरतें. कपॅसिटर ही तशी विजेची टाकी. टाकी लहान असली तर लवकर आटते. एक अँपिअर प्रवाह ओढणाऱ्या यंत्रास १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, तर दोन शिखरांच्या मधल्या शतांश सेकंदांत दाब दहा व्होल्टनीं उतरूं पाहील, म्हणजे तो निरुपयोगीच. ४७०० चा दिला तर सुमारें दोन व्होल्टनीं उतरेल. जुन्या रेडिओंतून कधीं कधीं गाण्याच्या मागें सारखी घूं घूं ऐकूं येते. बहुधा कपॅसिटर वाळलेला असतो, आणि ऐकूं येतात त्या या शंभर उसळ्या होत.

बारा व्होल्टच्या ट्रान्स्फॉर्मरवर पूल व कपॅसिटर बसविला कीं दाब बारा राहत नाहीं. शिखर सतरा व्होल्टचें, पुलांत एका वेळीं दोन डायोड वाटेंत येतात, त्यांचे मिळून दीड व्होल्ट गेले, उरले साडेपंधरा. यंत्र बंद असतां किंवा भिंतीवरील दाब वाढला असतां तो याहून चढतो. खेड्यांत रात्रीं उशिरा, सगळे पंप बंद झाल्यावर दाब किती चढतो, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. म्हणून अशा ठिकाणीं सोळा व्होल्टचा कपॅसिटर न घालतां पंचवीसचा घालावा. दोन-चार रुपयांच्या काटकसरीनें सोळाचा घातलेला कपॅसिटर फुगतो, आणि एखाद्या दिवशीं फटाक्यासारखा फुटतो.

याहून मोठी गफलत डायोडाच्या बाबतींत होते. वन-एन ४००१ पासून वन-एन ४००७ पर्यंतचे सात डायोड दिसण्यांत सारखेच: काळें लांबट अंग, एका टोंकास रुपेरी पट्टा, बारीक अक्षरांत आंकडा. सर्व एक अँपिअरचे. भेद आहे तो उलटा दाब सोसण्याच्या शक्तींत. ४००१ चा डायोड ५० व्होल्ट सोसतो, ४००४ चा ४००, आणि ४००७ चा १०००. समजा, एखाद्या यंत्रांत ट्रान्स्फॉर्मर नाहीं आणि भिंतीवरील वीज सरळ एका डायोडांतून कपॅसिटरांत जाते. कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरून बसतो. पुढच्या अर्ध्या हेलकाव्यांत भिंतीवरील दाब उलट दिशेस ३२५ वर जातो. बिचाऱ्या डायोडास दोन्हींची बेरीज, म्हणजे ६५० व्होल्ट, सोसावी लागते. येथें ४००४ बसविला तर तो पहिल्या दिवशींच जाईल. आणि डायोड जातो तेव्हां बहुधा दार उघडेंच ठेवून जातो. मग ए. सी. थेट कपॅसिटरांत शिरते, तो फुटतो, आणि जवळ कोणी डोकावत असेल तर डोळ्यास इजा होते. ४००७ चें मोल ४००४ हून क्वचितच फारसें जास्त असतें. दुरुस्तीच्या दुकानांत पेटी उघडून हातास येईल तो काळा डायोड बसविणारा कारागीर आणि आंकडा भिंगाखालीं धरून पाहणारा कारागीर, यांत गिऱ्हाइकानें दुसऱ्याकडे जावें.

मोबाइलच्या चार्जरांत जड ट्रान्स्फॉर्मर नसतो. तेथें भिंतीवरील वीज प्रथम पुलांतून सरळ सव्वातीनशें व्होल्टची डी. सी. होते, नंतर एक स्विच तिला सेकंदांत कित्येक हजार वेळां तोडतो व जोडतो, आणि इतक्या द्रुत गतीच्या विजेस बोराएवढा ट्रान्स्फॉर्मरही पुरतो. त्याच्या पलीकडे पुन्हा डायोड. हा मात्र ४००७ असून चालत नाहीं, कारण तो उघडमीट करण्यांत मंद आहे. तेथें धातु व सिलिकॉन यांच्या सांध्याचा शॉट्की जातीचा डायोड लागतो. तो चपळ असतो आणि वाटेंत तीन-चार दशांश व्होल्टच खातो. पांच व्होल्टच्या चार्जरांत ही बचत लहान नव्हे.

येथें घरांतील मुलांस एक गोष्ट बजावून सांगणें अवश्य आहे. चार्जर भिंतींतून काढला म्हणजे तो निर्जीव झाला, असें नाहीं. आंतील कपॅसिटर सव्वातीनशें व्होल्टवर भरलेला राहूं शकतो. लगेच उघडून बोट लावल्यास जबर धक्का बसतो. स्वस्त एल. ई. डी. दिव्यांतून तर कित्येकदां ट्रान्स्फॉर्मर मुळींच नसतो. अशा दिव्याचें वरचें आवरण फुटलें असतां आंत दिसणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांचा भिंतीवरील विजेशीं प्रत्यक्ष संबंध असतो. ते ठिपकेही डायोडच, प्रकाश देणारे. परंतु पेटत्या दिव्यांत त्यांस हात लावणें म्हणजे उघड्या तारेस हात लावणें.

राहिला सौरफलक. बुलढाणा जिल्ह्यांतील शेतांतून सौरपंपाचीं निळीं-काळीं फलकें आतां दिसूं लागलीं आहेत. तीन, पांच, साडेसात अश्वशक्तीचे हे पंप सरकारी योजनांतूनही मिळतात. फलकावरची प्रत्येक चकती म्हणजे एक पसरट डायोड, आणि अशा बहात्तर चकत्या एकीस एक जोडून एक फलक होतें. एकसरींत जोडल्यामुळें सर्वांतून एकच प्रवाह जातो. त्यांतील एका चकतीवर पळसाचें पान पडलें किंवा बांधावरच्या बाभळीची सावली आली, तर ती चकती वीज देण्याचें थांबविते, इतकेंच नव्हे, तर इतरांची वाट अडविते. बाकीच्यांची शक्ति तिच्यांत जिरते आणि ती जळूं लागते. यावर उपाय म्हणून फलकाच्या मागच्या डबींत सहसा तीन डायोड बसविलेले असतात, दर चोवीस चकत्यांस एक. चकती अडली कीं तिच्या चोवीसांच्या गटास वळसा घालून प्रवाह त्या डायोडांतून पुढें जातो. एका पानाची किंमत अशी तृतीयांश फलकाएवढी होते. पण फलक वांचतें.

हेच डायोड कधीं जवळपास वीज पडल्यामुळें बिघडतात, आणि वर सांगितल्याप्रमाणें दार उघडें ठेवून जातात. मग सावली नसतांही गटास वळसा पडतो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. फलकें स्वच्छ असतात, ऊन लख्ख असतें, आणि पंप मात्र पूर्वींपेक्षां उशिरा सुरू होऊन लवकर दमतो. शेतकरी विहिरीस बोल लावतो, कोणी पंप काढून नेण्याचा सल्ला देतो. अशा वेळीं प्रथम तंत्रज्ञाकडून प्रत्येक फलकाचा दाब निराळा मोजवून घ्यावा. सारख्या उन्हांत इतर फलकें चव्वेचाळीस व्होल्टच्या आसपास दाखवीत असतां एखादें तिसाच्या आसपासच अडकलें, तर दोष त्या डबींत आहे असें समजावें, आणि विहीर खोल करण्याचा विचार तोंपर्यंत लांबणीवर टाकावा.